ओंकारचं उदाहरण देऊ नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय दिल्या,

माझी शुगर आहे तिथंच, आईचे गुडघेही तिथंच. फोनवर बोललो असतो, पण घरात कायम कुणीतरी कान देऊन असतंय.

सुमीच्या बाळाला ब्लड कॅन्सर निघालाय. सात महिन्यांचं पोर. पोट फुगलंय म्हणून दाखवायला नेलं, तर पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर. आता टाटात उपचार चाललेत, सुमी आणि पाहुणे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत.

इथं जो भेटायला येतो तो एकच बोलतो, "दिल्याचा ओंकार बघा की! चार वर्षांचा असताना झालं होतं, आता दहावीला बसतोय, पैलवान झालाय नुसता." आई तर तुझ्या पोराचं नाव घेऊन अंबाबाईला ओटी बोलून बसली आहे. मी मान हलवतो. ओंकारच्या वयाची दहातली नऊ पोरं चांगल्या उपचारानं वाचतात, हे खरं आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाचं तसं नाही रे. बहुतेक बाळांमध्ये केएमटीटूए नावाचं जनुक तुटून भलत्याच तुकड्याला चिकटलेलं असतं. ह्याचंही तेच निघालं. पहिल्या महिन्यात पेशी जातात, बहुतेकांच्या जातात, पण परत येतात, आणि लवकर येतात. इंटरफँट म्हणून जी पद्धत बऱ्याच देशांत वापरली, तिच्यात सहा वर्षांनी आजार न उलटता जगलेली बाळं सगळी मिळून ४६ टक्के. हे जनुक असेल तर त्याहून कमी.

त्यात डोस म्हणजे तारेवरची कसरत. एवढ्याशा जिवाला औषध पचत नाही, म्हणून वयाप्रमाणं कमी करून देतात. मेंदू कोवळा, म्हणून डोक्याला शेक, म्हणजे रेडिएशन, टाळतात, पाठीतून इंजेक्शनं देतात. तोंड आतून सोलून निघालंय. सुमी गोळी चुरून, पाण्यात कालवून, सिरिंजनं ओठाच्या कोपऱ्यातून सोडते, आणि तो निम्मं तिच्याच अंगावर थुंकतो. मामावर गेलाय.

एक आशा आहे. २०२३ साली छापून आलं, ३० बाळांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला ब्लिनाट्युमोमॅब नावाचं औषध दिलं, चार आठवडे अखंड सलाइनसारखं. दोन वर्षांनी आजार न उलटता जगलेली बाळं ८१.६ टक्के, आधी नुसत्या नेहमीच्या औषधांवर असलेल्यांत ४९.४. ३० म्हणजे आपल्या वर्गातली निम्मी पोरं, तरी तो आकडा मी खिशात घेऊन हिंडतोय. ते औषध ह्याला द्यायचं का, ते डॉक्टर ठरवतील.

तिकडं सासूनं शोध लावलाय, ग्रहणात सुमीनं विळी हातात धरली होती म्हणून हे झालं. जनुक पोटात असतानाच तुटतं, हे खरं, पण त्यात आईचं काही नसतं, ते पिढीजात येत नाही. मी दोनदा समजावलं. सुमीला पटलंय असं वाटत नाही, रात्री परत तेच विचारते.

ती तुला फोन करणार आहे. नंबर मीच दिला. तिला "ओंकारसारखंच होईल" एवढं म्हणू नकोस. तुझ्या वेळी मी "काही होत नाही रे" म्हणालो, तर त्या जिन्यात तू माझ्यावर केवढा खेकसलास! पुढं वर्षभर बोलला नाहीस. (अजूनही मला वाटतं, तू जरा जास्तच केलंस. पाटाकडील तालमीच्या फुटबॉलमधल्या त्या गोलावरूनही असाच भांडलास, आणि तो ऑफसाइडच होता.) पण तेव्हा तुला कुणी काय बोलायला पाहिजे होतं, ते तुला ठाऊक असणार. मला नाही. तेच तिला बोल. आणि ग्रहणाचं तू सांगितलंस तर तिला पटेल, तू त्यातून गेलायस.

वहिनींची बदली झाली का? घराचा हप्ता संपला असेल आता. ओंकारला गणिताचा क्लास लावलास का, नाहीतर आपल्यावर जाईल.

सुमी बहुधा रात्री अकरानंतर करेल, बाळ झोपल्यावर. फोन सायलेंटवर टाकून झोपू नकोस.

तुझा,
बंड्या