पाण्याचे भांडे काढून घेऊ नका

संपादक महोदय,

पॉमेरेनियन, डॅशहंड अशा लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये उतारवयात हृदयाची मायट्रल झडप जाड होऊन गळू लागते. औषधे आहेत, पण ती फसतात बहुधा घरी.

हृदयाचे आकुंचन सुधारणाऱ्या पिमोबेंडन या औषधाची नेहमीची मात्रा दर 12 तासांनी किलोमागे पाव मिलिग्रॅम, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला 1.25 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. ती जेवणाच्या तासभर आधी द्यावी. दूधपोळीत कुस्करली तर नीट शोषली जात नाही. हृदय मोठे झाले आहे पण धाप लागत नाही, अशा कुत्र्यांत ती फुफ्फुसात पाणी साठणे सरासरी 15 महिने लांबवते, हे 2016च्या चाचणीत दिसले. नुसती मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली म्हणून मात्र ती सुरू करायची नसते. आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

पाणी साठल्यावर फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी लागते आणि खरा घोटाळा इथेच होतो. तहान वाढते, लघवी वाढते, फरशी ओली होते आणि वैतागून रात्री पाण्याचे भांडे उचलले जाते. कुत्र्याचे शरीर कोरडे पडते, भार मूत्रपिंडांवर येतो. त्यापेक्षा वेळ बदला. गोळीचा जोर तास-दोन तासांत चढतो, सहाएक तासांत ओसरतो. संध्याकाळी सहाला दिली, साडेसातला आणि झोपण्यापूर्वी फिरवून आणले, की रात्र बरीच कोरडी जाते. उलट्या-जुलाब होत असतील किंवा कुत्रा खात-पीत नसेल, तर पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा. फ्युरोसेमाइड आणि एनालाप्रिल (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) चालू असताना गुडघेदुखीसाठी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक परस्पर देऊ नका. तिन्ही मिळून मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवतात. फ्युरोसेमाइड किंवा एनालाप्रिल सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचे काम कळते) आणि पोटॅशियम तपासून घ्यावे.

खोकला थांबला म्हणून गोळी बंद करणे, ही आणखी एक सवय. खोकला फसवा असतो. लहान कुत्र्यांत तो श्वासनलिका दबल्यानेही येतो, त्यावर लघवीची गोळी काय करणार? श्वास मोजा. कुत्रा गाढ झोपेत असताना (स्वप्नात पाय हलवत असताना नव्हे) छाती वर-खाली झाली की एक, असे पूर्ण मिनिट मोजून वहीत लिहा. आकडा 30च्या आत हवा. त्यापुढे गेला तर तासाभराने झोपेतच पुन्हा मोजा; तरीही तेवढाच असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

– एक पशुवैद्यक