लेकीला पत्र: घरात मराठी, अंगणात जर्मन

चि. मृणाल,

अनेक आशीर्वाद.

आधी जर्मन पक्की होऊ दे, मराठीचं मग बघू, असं तुझ्या सासूबाई म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे, पण क्रम उलटा हवा. जर्मन तुझ्या अर्णवला श्टुटगार्टमध्ये सगळेच शिकवतील: त्याचा बाबा फेलिक्स, पाळणाघर, शेजारची मुलं, शाळा. मराठी फक्त तुझ्याकडून मिळणार, आणि त्याच्या सातव्या महिन्यात तिची निकड सर्वांत जास्त आहे.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. कानावर हिंदी पडणाऱ्या बाळांना मात्र त्या वयातही तो कळत होता. म्हणून आंघोळ घालताना, भरवताना, कपडे बदलताना बोलत राहा. मोबाइलवर गाणी लावणं पुरत नाही, समोरचं माणूस लागतं.

तू मराठी आणि फेलिक्स जर्मन, ही वाटणी चांगली, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात आनिक द हाउवर यांनी सुमारे १९०० कुटुंबांची पाहणी केली. एक पालक तिथली डच आणि दुसरा वेगळी, घरची भाषा बोलतो, अशा साधारण चौथाई घरांत मुलं घरची भाषा बोलत नव्हती. दोघेही घरचीच भाषा बोलत होते तिथे जवळजवळ सगळी बोलत होती. गळती होते ती तिघं एकत्र असताना: नवऱ्याला कळावं म्हणून आई जर्मनवर येते. तेव्हा फेलिक्सला जेवणाच्या टेबलावरचं मराठी समजेल एवढं शिकव. बोलता आलं नाही तरी चालेल.

पाळणाघर सुरू झालं की अर्णव जर्मनमध्ये उत्तरं देईल. बहुतेक घरं इथेच हात टेकतात. रागावू नकोस, "मराठीत सांग" असा हट्टही नको. त्याचंच वाक्य मराठीत म्हण आणि पुढे बोल.

चुकाही ठरावीक होतील. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचे ग, ब, द कडक होतात, म्हणून "बाग"चं "बाक" होईल. शब्दारंभीच्या क, प मध्ये हवा मिसळते, म्हणून "कान" "खान"सारखा ऐकू येईल. ळ साठी मूल-मूळ, काल-काळ अशा जोड्या खेळात घे. आणि मराठी फक्त तुझ्या तोंडून ऐकली तर तो "मी जाते, मी खाते" म्हणेल. टोकून ते जात नाही. त्याच्या आजोबांचा आणि मामाचा आवाज रोज कानावर पडायला हवा. व्हिडिओ कॉलवर गप्पांऐवजी त्यांनी पुस्तक वाचून दाखवावं, पंधरा मिनिटं पुरेत.

दोन वर्षांच्या सुमारास मुलांच्या डॉक्टरांकडे वाढीची ठरलेली तपासणी, यू७, होईल. तिथे बोलण्यासाठी साधारण ५० शब्दांचा निकष लावतात. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. यादी लिहून ने, नाहीतर फक्त जर्मन शब्द मोजले जातील आणि मूल मागे आहे असा शेरा पडेल. खरोखर उशीर दिसला तर दोन्ही भाषांत तपासायला सांग. मराठी बंद करणं हा त्यावर उपाय नाही.

सासूबाईंना अमेरिकेतलं उदाहरण सांग. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, नेब्रास्का राज्याने आठवी पूर्ण होण्याआधी शाळेत परभाषा शिकवायला बंदी केली. रोख जर्मनवर होता. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून रॉबर्ट मायर या शिक्षकांना २५ डॉलर दंड झाला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरवला. घरात जर्मन बोलणारी ती मुलं अमेरिकनच होती. अर्णवही पूर्ण जर्मन आहे, त्याला कुणी "अर्धा" म्हणू नये, आणि मराठीने त्यात काही उणं होत नाही.

कागदांचं आता. वडिलांमुळे तो जन्मतः जर्मन नागरिक आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून त्याच्यासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढा. त्याने व्हिसाचा प्रश्न मिटतो. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वीस वर्षांचा होईपर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांत पासपोर्टची प्रत आणि फोटो संकेतस्थळावर चढवायचा असतो. जन्मदाखला, पासपोर्ट आणि अर्ज, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर सारखं ठेव.

तुझी,
आई