जळगावहून छोटं विमान चालेल, पण आधी भारमान बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव विमानतळाचा विषय निघाला की सगळ्यांचं बोलणं एकाच जागी येऊन थांबतं, मोठं विमान कधी येणार, धावपट्टी कधी वाढणार, दिल्ली कधी जोडणार. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, सगळी नोकरी खान्देशातल्या डेपोंमध्ये गेली, त्यामुळे गाडी रस्त्यावरची असो की हवेतली, मी आधी भारमान, म्हणजे किती सीट भरतात, ते बघतो आणि मग बघतो की उतरलेला माणूस पुढे कशानं जाणार.

माझा भाचा नैरोबीला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं आम्हाला मसाई माराला, म्हणजे केनियातल्या मोठ्या अभयारण्यात नेलं, आणि तिथली छोटी विमानं बघितल्यापासून हे डोक्यात आहे. नैरोबीला मोठं विमानतळ वेगळं आणि विल्सन नावाचं छोटं वेगळं. सफारीची विमानं या विल्सनहून सुटतात. सामान १५ किलो, त्यातच हातातली पिशवी पण आली, आणि बॅग मऊ कापडी पाहिजे कारण विमानाच्या पोटातल्या डिकीत कडक सूटकेस बसत नाही. विमान सेस्ना कॅरव्हान, एकच इंजिन, पुढे पंखा, बारा-तेरा सीट, पंख वरच्या बाजूला त्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. रस्त्यानं पाच-सहा तास लागतात तिथं पाऊण तासात पोचतो.

पण मला भावलं ते वेगळंच. मारामध्ये एकच विमानतळ नाहीये, कीकोरोक, ओल किओम्बो, मुसियारा, किचवा टेम्बो अशा बऱ्याच पट्ट्या आहेत, काही तर नुसत्या मुरमाच्या, बाजूला एक शेड आणि वारा दाखवणारी कापडी नळी, बस. विमान एका पट्टीवर उतरतं, दोघं उतरतात, तिघं चढतात, पाच-दहा मिनिटात परत वर आणि लगेच पुढची पट्टी. कुठली पट्टी आधी ते त्या दिवशीच्या बुकिंगवर ठरतं, पायलट मागे वळून सांगतो की आधी इथे मग तिथे. पट्टीवर झेब्रे नाहीतर हरणं आली असतील तर खालचा माणूस जीप फिरवून त्यांना बाजूला करतो आणि मगच विमान टेकतं. आपली गावोगाव थांबत जाणारी लालपरी डोळ्यासमोर आणा, तसंच ते.

आणि विमान टेकायच्या आधीच लॉजची जीप तिथं उभी असते. हे चालतं कसं म्हणून मी भाच्याला मध्ये घालून चौकशी केली, कारण बारा सीटवर विमान परवडणं साधं काम नाही. तर बहुतेक लोक खोली, जीप आणि विमानाची सीट एकाच एजंटकडून एकदमच बुक करतात, त्यामुळे उद्याच्या फेरीला किती माणसं, कोण कुठं उतरणार हे कंपनीला आजच माहीत असतं. भारमान आधी आणि फेरी नंतर. बोत्स्वानात ओकावांगो म्हणून नदीचा मोठा त्रिभुज प्रदेश आहे, २०१४ साली जागतिक वारशात गेलेला, तिथं पुराच्या पाण्यामुळे बऱ्याच लॉजना रस्ताच नाही, माणसं पण माऊन गावाहून छोट्या विमानानं जातात आणि भाजीपाला पण.

आता जळगाव. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या उडान योजनेत, म्हणजे छोटी शहरं विमानानं जोडायच्या योजनेत, आपल्याकडून मुंबईला छोटं विमान सुरू झालं होतं, विसाच्या आतल्या सीटचं, लोकांनी कौतुकानं तिकिटं काढली. काही महिन्यातच ते बंद पडलं. मुंबईला उतरायला वेळेचे स्लॉट मिळेनात हे एक मोठं कारण होतं. त्यानंतर पण विमानं आली, गेली, परत आली. उडानमध्ये कंपनीला तोटा भरून द्यायची मुदत तीन वर्षांची असते, तेवढ्यात प्रवासी जमले नाहीत की कंपनी हात वर करते. एटीआर म्हणजे पंख्याचं जरा मोठं विमान, त्यात सत्तरेक सीट असतात, त्या रोज भरायच्या म्हणजे खायचं काम आहे का. आणि समजा भरल्या, तर उतरलेल्या माणसानं पुढं काय करायचं, बाहेर येऊन रिक्षाशी भाव करत बसायचं?

वास्तविक आपल्या आजूबाजूला बघायला किती आहे. अजिंठा ६० किलोमीटरवर, आणि विमानतळ कुसुंब्याला म्हणजे अजिंठा रोडलाच. वर सातपुडा, यावल अभयारण्य, पाल, तोरणमाळ. मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या जंगलात वाघ आहेत हे जळगावातल्याच निम्म्या लोकांना माहीत नसेल. पूर्वेला मेळघाट, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पातला एक, आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला तिथं जायचं म्हणजे रात्रभर रेल्वे आणि वरून घाटातली गाडी, म्हणून तो सरळ नागपूर पकडून ताडोबाला जातो. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी मोठ्या विमानाला आखूड म्हणून कित्येक वर्षं रखडलीये, पण कॅरव्हानसारख्या विमानाला ती भरपूर झाली. अमरावतीचं बेलोरा तर २०२५ मध्ये सुरू पण झालं. मग जळगाव, अकोला, अमरावती आणि परत जळगाव अशी नऊ-बारा सीटच्या विमानाची फेरी का नको, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, सफारी चालू असते तेवढे महिने. शेजारच्या मध्य प्रदेशानं जून २०२४ मध्ये पर्यटनासाठी अशी छोट्या विमानांची सेवा सुरू केली, आणि केंद्रानं पण २०२३ मध्ये उडानची ५.२ ही निविदांची फेरी खास विसाच्या आतल्या सीटच्या विमानांसाठी काढली होती, म्हणजे कागदावर रस्ता आहे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या उन्हाची. हवा तापली की विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद पण कमी पडते आणि विमानाला पळायला जास्त पट्टी लागते. विल्सन साडेपाच हजार फुटांवर आहे, तिथं हवा उंचीमुळेच विरळ, त्या १५ किलोच्या कडक नियमामागे हे पण एक कारण आहेच. आपण एवढ्या उंचीवर नाही पण मे महिन्यात जळगाव ४५ डिग्रीला जातं, तेव्हा दुपारची फेरी ठेवूच नका, सकाळी लवकर सोडा. सफारीवाल्या माणसाला तसंही संध्याकाळच्या जीपच्या आत पोचायचं असतं. वेळापत्रक बनवणाऱ्यानं हे आधी बघावं, मंत्रालयात एसीत बसून दुपारी दोनची वेळ टाकू नये.

आणि दुसरी गोष्ट, ही मी हात जोडून सांगतो, पट्टी जंगलात नको. मारामध्ये ती पार्काच्या आत आहे म्हणून आपण पण यावलच्या अभयारण्यात झाडं तोडून पट्टी करू असं कोणाच्या डोक्यात यायला नको. सातपुड्यानं आधीच लाकूडतोड आणि अतिक्रमण फार सोसलंय, मेळघाटपासून यावलपर्यंत वाघाची जी वाट आहे ती तिथूनच जाते. विमान आहे त्या विमानतळावर उतरू दे, पुढं जीपनं जाऊ. हेलिकॉप्टरच्या घिरट्या पण नकोत. मारात जनावरं नदी ओलांडताना पर्यटकांच्या गाड्यांची कशी झुंबड उडते तेही मी पाहिलंय, त्यांचं घ्यायचं तर चांगलं तेवढंच घ्यावं. चांगलं म्हणजे काय, तर पार्काला लागून मसाई लोकांची स्वतःची जमीन आहे, ती त्यांनी राखीव जंगल म्हणून भाड्यानं दिलीये आणि त्याचे पैसे त्यांच्या घरात येतात, गाइड पण त्यांचीच पोरं. आपल्याकडे पाल, यावल, चोपडा पट्ट्यातल्या तडवी, पावरा पोरांना गाइडचं आणि जीपचं काम मिळालं तर ती पोरं कामासाठी सुरतला आणि सुगीला गुजरातेत कशाला जातील.

म्हणून लोकप्रतिनिधींना आणि जिल्हाधिकारी साहेबांना विनंती आहे की धावपट्टीचा पाठपुरावा करा, जरूर करा, पण एकदा वनखातं, एमटीडीसी म्हणजे राज्याचं पर्यटन महामंडळ, विमान कंपनी, एसटी आणि लॉजवाले यांना एका टेबलाशी बसवा आणि खोली, जीप आणि सीट यांचं एकच बुकिंग करता येतं का ते बघा. आणि तोवर एक काम उद्यापासून होण्यासारखं आहे. विमानाच्या वेळेला धरून विमानतळाच्या गेटवरून अजिंठा लेण्यांसाठी उतरतात त्या फर्दापूरच्या टी पॉइंटपर्यंत एक एसटी लावा, सोमवारी लेणी बंद असतात तेवढा वार सोडून, विमान लेट झालं तर गाडी थांबवून धरायची असा लेखी आदेश कंट्रोलरला द्या. त्याला धावपट्टी वाढवावी लागत नाही की दिल्लीची परवानगी.

आपला वाचक,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, जळगाव