मिस्त्रीकाका, तुमच्या टेपमुळे लेकीला अपूर्णांक समजले

मिस्त्रीकाका, नमस्कार.

तुमचा नंबर माझ्या जुन्या फोनबरोबर गेला आणि भांडुपला तुम्ही ज्यांच्याकडे राहायचात तेही आता गावी गेलेत, म्हणून इथे लिहितेय, तुमचा भाचा वाचून दाखवेल अशी आशा आहे. जुलैत, धो धो पावसात, तुम्ही आमच्याकडे भिंतीला फोल्डिंग टेबल बसवायला आला होतात.

लेक सहावीत. त्या दिवशी ओट्याजवळ बसून पार रडकुंडीला आलेली. गणित होतं ३/४ − १/३ आणि वहीत उत्तर २. वर ३ मधून १ गेला राहिले २, खाली ४ मधून ३ गेले राहिला १, झालं. लसावि १२ येतो हे तिला काढता यायचं, क्लासमध्ये घोकून घेतलेलं, पण छेद समान का करायचे हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगते काका, मलाही नव्हतं, मी तिरकस गुणाकार करून मार्क घेत आले.

तुम्ही ड्रिल खाली ठेवलंत. "बाय, पाऊण फुटाच्या पट्टीतून तुकडा कापला तर दोन फूट उरतील काय गो?" ती गप्प. मग टेप ओढलात, कानावरची पेन्सिल काढलीत आणि माझ्या नव्याकोऱ्या टेबलाच्या फळीवर, उलट्या बाजूला, खुणा केल्यात. पाऊण फूट म्हणजे ९ इंच. फुटाचा तिसरा हिस्सा ४ इंच. उरले ५ इंच, आणि फुटात इंच १२, म्हणजे ५/१२. तुमचं ते वाक्य मला अजून आठवतं, "चौथाई आणि तिसरा हिस्सा वेगवेगळ्या मापाचे तुकडे, दोघांनाही पुरं बसेल असं बारीक माप घ्यायचं, मग नुसतं मोजायचं."

मग सूत दाखवलंत. इंचाचे ८ सूत, पाऊण इंच म्हणजे ६, त्यातून ५/८ म्हणजे ५ सूत गेले, राहिलं एक सूत, १/८. तिने लगेच विचारलं की ४/५ मधून १/२ कसे काढायचे, फुटाचे पाच भाग तर इंचात नीट येत नाहीत. तुम्ही हसलात आणि टेपची सेंटीमीटरची बाजू पुढे केलीत. मीटरचे ४/५ म्हणजे ८०, अर्धा मीटर ५०, उरले ३०, १०० पैकी ३०, म्हणजे ३/१०.

पाऊण तास गेला तुमचा, पुढचं काम विक्रोळीला होतं, उशीर झाला असणार. मजुरीत एक रुपया वाढवून घेतला नाहीत, चहासुद्धा अर्धाच घेतलात. काका, याचे आभार त्या दिवशी नीट मानले नाहीत, ते माझ्या मनात राहून गेलं.

परवा तिला ५/६ − ३/८ आलं. लसावि २४. माझ्या शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन आली, एका फुटात बसत नाही म्हणून तिने आपणहून दोन फूट धरले, त्याचे ५/६ म्हणजे २० इंच, ३/८ म्हणजे ९ इंच, आणि ओरडली, "आई, ११ इंच, ११/२४!" हे दोन फुटांचं मी सांगितलं नव्हतं, तुम्हीही नाही.

टेबलाखालच्या तुमच्या खुणा आम्ही पुसलेल्या नाहीत. गणपती करून मुंबईत परत आलात की घरी या, तिला तुम्हाला ते २४ वालं गणित करून दाखवायचंय, आणि चहा या वेळी पूर्ण घ्यायचा.

तुमची,
भांडुपची ताई