मत्तय आमच्याच खात्यातला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘प्रार्थना म्हणजे देवापुढे मागण्यांची यादी, आणि येशूचा शिष्य व्हायचं तर घरदार सोडून फादरच व्हावं लागतं,’ असं एका वाचकाने गेल्या आठवड्यात आपल्याकडे लिहिलं. ख्रिस्ती माणसांबद्दल एरवी छापून येतं ते डिसेंबरात केकचं आणि सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेचं. तेव्हा विषय निघाला हेच बरं झालं.

मी मूळचा नगरचा. मुंबईच्या वेशीवरच्या एका जकात नाक्यावर २७ वर्षं लिपिक होतो. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातला, जकातदार मत्तय आमच्याच खात्यातला! येशूने ‘माझ्यामागे ये’ म्हटल्याबरोबर नाका सोडून उठला. मला काही उठवेना. घराचे हप्ते होते. आमचे पाळकसाहेब म्हणाले, ‘उठू नका. तिथेच बसून प्रार्थना करा. आणि मागणं लांबवू नका, प्रभूची प्रार्थना पुरे.’

रात्रपाळीला मोरबीहून टाइल्स घेऊन येणाऱ्या ट्रकांची रांग लागायची. मी दोनला चहाला गेलो की पाऊण तास खुर्ची रिकामी. एका रात्री येशूने शिकवलेल्या त्या छोट्या प्रार्थनेतलं ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना अडखळलो. माझी नाही, आमची. म्हणजे रांगेतल्या ड्रायव्हरची नि क्लीनरचीसुद्धा, आणि ती तर माझ्याच शिक्क्यापाशी अडकलेली. त्या दिवसापासून चहा टेबलावर मागवू लागलो. यापेक्षा मोठा चमत्कार माझ्या वाट्याला आला नाही.

शुभवर्तमानकार लूक सांगतो, बारा शिष्यांना निवडण्याआधी येशूने डोंगरावर अख्खी रात्र प्रार्थनेत काढली. त्या बारांत मत्तय होता, तसा येशूला दगा देणारा यहूदा इस्कर्योतही होता. रात्रभर प्रार्थना करून! हे मला अजून उलगडलेलं नाही. यादीवाल्या वाचकाने ती रात्र जरूर वाचावी.

हाकही सगळ्यांना एकदम ऐकू येत नाही. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली याच मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. एका घरात पाच वर्षांचं अंतर!

१ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली. मत्तयाने नाका सोडला, मला नाक्यानेच सोडलं. पुढे दिवसपाळी मिळाली आणि प्रार्थनेची घडी विस्कटली ती विस्कटलीच. म्हणून आता निवृत्तीनंतर पहाटे तीनला उठून बसतो. बायको कूस बदलत विचारते, ‘ट्रक यायचेत का अजून?’

आपला,
एक निवृत्त जकात लिपिक, मालाड