आधी माझदा, फेरारी नंतर

सॅन होजे, कॅलिफोर्निया

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, म्हणून आता सविस्तर लिहिते. आयरेसिंग या संगणकावरच्या ऑनलाइन कार-शर्यतीच्या खेळाचं सभासदत्व घेतलंस, स्टीअरिंग टेबलाला बसवलंस, हे ऐकून फार आनंद झाला. तुझं मन फेरारी २९६ जीटी३ या वेगवान शर्यती गाडीवर बसलंय, तेही कळलं. पण आत्ता ती विकत घेऊ नकोस. नवख्यांच्या रुकी परवान्यावर तिच्या अधिकृत शर्यतीत उतरताच येत नाही. आणि माझदा एमएक्स-५ कप तुला सभासदत्वातच मिळालेली आहे, वेगळा रुपयाही द्यायचा नाही.

फुकट नसती तरी मी तुला हीच सांगितली असती. दोन लिटरचं इंजिन, १८० च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या थोडं वर, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, चाकं जागेवर फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही. तुझ्या पायाने जे केलं ते थेट टायरपर्यंत पोचतं. जीटी३ मध्ये ब्रेक जास्त दाबला तर एबीएस सांभाळून घेतं, वेगात हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते, आणि पकड सुटते तेव्हा इतक्या वेगात सुटते की काय झालं ते नवख्याला कळत नाही. माझदात वळणाच्या मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडलास, तर वजन पुढे येतं, मागचे टायर हलके होतात आणि गाडी गर्रकन फिरते. पण ते होताना जाणवतं. स्टीअरिंग उलट देऊन सावरायला वेळ मिळतो.

गिअर उतरवताना मात्र घाई करू नकोस. ब्रेक मारता मारता पटापट खालचे गिअर टाकलेस, तर इंजिन मागच्या चाकांना अडवतं आणि गाडीची शेपटी सुटते. आधी सरळ रेषेत ब्रेक, वेग उतरला की गिअर, मग वळताना ब्रेक हळूहळू सोडत जा. पहिल्या फेरीत टायर थंड असतात, तेव्हा हे सगळं आणखी जपून.

रुकी शर्यतीत सगळ्यांच्या माझदाचं सेटअप, म्हणजे स्प्रिंग, टायरमधली हवा वगैरेची जुळणी, एकच असतं, कुणाला बदलता येत नाही. मला ही गोष्ट फार आवडते. समोरचा दोन सेकंद पुढे असेल तर तो चालवण्यातच पुढे आहे, म्हणजे त्याच्याकडून शिकता येतं. फॉर्म्युला व्हीचाही पर्याय आहे, पण ती उघड्या चाकांची. चाकाला चाक लागलं की बहुतेक वेळा शर्यत तिथेच संपते. तू मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट चालवलीस म्हणून तिचा मोह होईल, पण सुरुवातीच्या गर्दीसाठी माझदाच बरी.

लगुना सेका ट्रॅकही तुला मिळालाय. तो खरा ट्रॅक इथून दीड तासावर, मॉन्टेरेजवळ आहे. मी तिथे कॉर्कस्क्रू वळणाच्या वरच्या टोकाला उभी राहिले आहे. स्क्रीनवर तो उतार कळत नाही रे! डावीकडे वळलं की पायाखालची जमीनच निघून जाते, आंबोलीच्या घाटात पुढचा रस्ता दिसेनासा होतो तसं. काही सेकंदांत गाडी जवळपास १८ मीटर खाली येते. वर चढतानाच ब्रेक संपवायचा, कारण माथ्यावर गाडी हलकी होते आणि तिथे दाबलेला ब्रेक चाकं जाम करतो. नजर लांबच्या झाडांवर ठेव, रस्ता आपोआप समोर येतो. आयरेसिंगने हे ट्रॅक लेझरने मोजून बनवलेत, त्यामुळे तिथले उंचवटे तुझ्या हातालाही जाणवतील.

वेगाआधी सेफ्टी रेटिंगकडे बघ, म्हणजे तू किती सुरक्षित चालवतोस त्याच्या आकड्याकडे. ते २.५० पासून सुरू होतं. ट्रॅकबाहेर चाकं गेली तर चुकीचा १ गुण लागतो, गाडी फिरली तर २, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलास तर ४. रेटिंग ३.०० च्या वर नेऊन ठरलेल्या शर्यती पूर्ण केल्यास की रुकीच्या वरचा डी वर्गाचा परवाना मिळतो. सुरुवातीला शेवटून उभा राहिलास तरी चालेल, पुढचे आपसात धडकतात आणि जागा मिळत जातात. फक्त कोल्हापूरहून खेळतोस हे लक्षात ठेव. शर्यत चालवणारा सर्व्हर, म्हणजे कंपनीचा संगणक, लांब असला की समोरची गाडी तुला दिसते तिथेच नेमकी असेल असं नाही, संगणक तिची जागा अंदाजाने दाखवतो. म्हणून शेजारी जाताना एका गाडीची तरी रुंदी मोकळी सोड.

शर्यतीचे रिप्ले जपून ठेव आणि मला पाठव. शनिवारी माझी संध्याकाळ म्हणजे तुमची रविवारची सकाळ, तेव्हा आपण दोघं मिळून बघू. आणि रात्री दोनपर्यंत खेळायचं नाही. आईने मला सांगितलंय.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई