मंत्रीसाहेब, तुमच्या पोर्टलला ऐकू येत नाही : एक बोलून लिहिलेलं खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय यांस,
सविनय नमस्कार.

आधीच सांगते, हे पत्र मी टाइप केलेलं नाही, बोललेलं आहे. फोन समोर टेकवून ठेवलाय आणि त्याच्याशी बोलतेय. पहिल्याच ओळीत त्याने तुमचं "मंत्री मोह दया" केलं होतं, ते तेवढं दुरुस्त केलं, मान राखायचा म्हणून. पुढच्या चुका जमतील तेवढ्या काढीन, राहिल्या तर चालवून घ्या, कारण चूक काढायला बोट लावावं लागतं आणि माझ्या बोटांचंच तर हे रडगाणं आहे.

कोणत्या खात्याचे मंत्री ते वर लिहिलेलं नाही. मुद्दाम. दोनदा नाव घालून लिहिलं आणि दोन्ही वेळा "सदर विषय या विभागाशी संबंधित नाही" असं उत्तर आलं. आता ज्याचा असेल त्याने उचलून घ्यावा.

मी 22 वर्षं डीटीपी केलं. रेमिंग्टन कीबोर्डवर शिकले, मग इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर आले, मराठी टायपिंगचं मिनिटाला 40 शब्दांचं सर्टिफिकेट आहे, प्रश्नपत्रिका, प्रबंध, कोर्टाचे कागद, सगळं या हातांनी छापायला गेलंय. मग रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायला लागली. हात झटकायचे आणि परत झोपायचं. तेव्हाच दाखवायला हवं होतं, पण काम अंगावर असताना कोण दाखवतं. दाखवलं तोवर दोन्ही मनगटांत कार्पल टनेल, मधली नस दाबली गेलेली. उजव्याचं ऑपरेशन झालं पण उशीर झाला होता, अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो ना तो माझा सपाट झालाय, बटण लावता येत नाही, पेन धरलं तर दोन ओळींत गळून पडतं. करंगळी मात्र ठणठणीत, तिची नस वेगळी. सध्या माझ्या स्क्रीनवरचा सगळा कारभार करंगळी बघते.

म्हणून मी बोलून लिहायला शिकले. हौस म्हणून नाही.

आता मुद्दा. सरकारी रेकॉर्डला माझ्या नावात पहिली वेलांटी हवी तिथे दुसरी पडली आहे. चूक माझी नाही, तुमच्या कार्यालयात ज्याचे दोन्ही हात धड आहेत अशा कुणीतरी टाइप करताना केली. पण दुरुस्तीचा अर्ज मी करायचा आणि तोही ऑनलाइनच. ठीक आहे म्हटलं, कारण काही महिन्यांपूर्वी एका कार्यक्रमात तुम्ही स्वतः सांगितलं होतं की यापुढे अर्ज भरायला टाइप करायची गरज नाही, माइकचं बटण येतंय. मी ते भाषण दोनदा ऐकलं, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं. बटण आलंसुद्धा. छान गोल, निळं. दाबलं की "ही सुविधा लवकरच उपलब्ध होईल" असं येतं. अजून येतंय.

मग मी माझ्या फोनच्या कीबोर्डवरचा माइक वापरला. अर्ज बोलले, सगळा मजकूर रकान्यात दिसतोय, मी डोळ्यांनी बघतेय, आणि "पुढे" दाबलं तर लाल अक्षरात "हा रकाना रिकामा आहे". भरलेला रकाना रिकामा! पुतण्याने बघून सांगितलं की तुमचा फॉर्म अक्षरं बघतच नाही, कीबोर्डची कळ दाबली गेली का एवढंच बघतो. बोलून आलेल्या मजकुरात कळ दाबली जात नाही म्हणून त्याच्या लेखी काही लिहिलंच नाही. उपाय काय, तर शेवटी एक स्पेस स्वतः द्यायची. मी करंगळीने प्रत्येक रकान्यात एकेक स्पेस दिली. मग आलं "विशेष चिन्हे चालणार नाहीत". विशेष चिन्ह म्हणजे काय तर स्वल्पविराम. तो काढला. तोवर सेशन संपलं, परत लॉगिन, परत ओटीपी, परत ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाइप करा की मी माणूस आहे म्हणून.

ओटीपीचं तर विचारूच नका. सहा आकडे. मराठीत बोलले की कधी अंक उमटतो कधी अक्षर, आणि अंक उमटला तर तो देवनागरी, तुमच्या रकान्याला इंग्रजीच लागतो. 1952 साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये ऑड्री नावाचं यंत्र होतं, कपाटाएवढं, त्याला शून्य ते नऊ आकडे तोंडाने बोललेले कळायचे. म्हणजे सत्तरहून जास्त वर्षं झाली. सत्तर वर्षांत कपाटाचं पोर्टल झालं आणि कान गेले.

चौथ्या वेळी अर्ज पूर्ण भरत आला होता, "दुरुस्तीचे कारण" या रकान्यात मी बोलत होते आणि दाराची बेल वाजली. मी सवयीने ओरडले, कोण आहे, थांबा आले आले. माइक चालू. परत येऊन बघते तर सेशनचा अर्धा मिनिट उरलेला, वाचायला वेळ नाही, पाठवून दिला. आठ दिवसांनी मेसेज आला, जसाच्या तसा देते: "अर्जातील चुकीचे नाव व दुरुस्त नाव एकसारखे असून कारणाचा मजकूर असंबद्ध आहे, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

असंबद्ध म्हणजे कारणात लिहिलं होतं "नावातील वेलांटी चुकली असून कोण आहे थांबा आले आले". हे मान्य, हसा. मी पण हसले, नंतर. पण ती दोन नावं एकसारखी का आली ते ऐका. मराठीत बोलताना पहिली आणि दुसरी वेलांटी बहुतेक वेळा कानाला सारखीच येते, दिन म्हणा नाहीतर दीन म्हणा, यंत्र बिचारं अंदाजाने एक काहीतरी लिहितं. मी चुकीचं नाव बोलले, बरोबर नाव बोलले, दोन्हीकडे एकच आलं. म्हणजे बोलून वेलांटीची चूक दाखवता येत नाही आणि हाताने दाखवायला हात नाहीत. यात अर्ज निकाली काढणाऱ्याने मला एक फोन लावला असता तर एका वाक्यात कळलं असतं. अर्जात नंबर होता.

मग कार्यालयात गेले. खिडकीवरच्याने ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता, म्हणाला ऑनलाइन होत नसेल तर ऑफलाइन द्या ना, "स्वहस्ताक्षरात" लिहून द्या. मी माझे दोन्ही हात काचेसमोर धरले. तो म्हणाला, घरचं कुणी नाही का?

आहे ना घरचं. पण साहेब, 22 वर्षं मी दुसऱ्यांचं लिहून देत होते आणि आता माझ्या नावाची वेलांटी सुधारायला पुतण्याची सुट्टी बघायची, हे गिळायला किती जड जातं ते तुम्हाला नाही कळणार, तुमच्याकडे लिहून द्यायला पीए आहे. खरंतर गंमत बघा, तुम्हीही बोलूनच लिहिता. तुम्ही बोललात की ते डिक्टेशन, मी बोलले की असंबद्ध मजकूर.

लोकांना वाटतं बोलून लिहिणं म्हणजे मज्जा आहे, खुर्चीत रेलून बसायचं. एक दिवस करून बघा. मिनिटाला शंभरेक शब्द तोंडातून सहज जातात हे खरं, माझ्या 40 च्या कितीतरी पुढे. पण समजा वीस शब्दांत एकच चूक झाली, तरी तीनशे शब्दांच्या अर्जात पंधरा चुका, आणि एकेक शोधून त्यावर बरोबर बोट टेकवायचं म्हणजे बोलण्यात वाचवलेला वेळ तिथेच गेला. त्यात आपली मराठी, प्रत्यय जोडून लिहिणारी. "अर्जदाराच्या" म्हटलं की ते "अर्ज दाराच्या" करतं. अंगठ्याचा गठ्ठा करतं. अपंगचा पतंग झाला होता एकदा. पूर्णविराम म्हटलं की कधी टिंब देतं कधी अख्खा शब्द पूर्णविराम लिहून मोकळं. बघा, वर कुठे राहिला असेल. आडनावं आणि गावांची नावं तर नशिबावरच, कारण यंत्र नुसतं ऐकत नाही, पुढे कुठला शब्द यायची शक्यता जास्त तेही ठरवतं, आणि जे नाव त्याने फारसं पाहिलेलं नाही त्याच्या जागी ओळखीचं काहीतरी बसवून देतं. आणि घसा. दिवसाला दोन तास बोलून लिहिलं की संध्याकाळी आवाज बसतो, हात गेले ते घशावर आलं, घसा गेला की काय डोळ्यांनी लिहू? आणखी एक, माझं दुखणं, माझा खाते क्रमांक, माझी तक्रार, सगळं मोठ्याने. घरातल्या प्रत्येकाला माझा अर्ज पाठ आहे.

तरीही हे नसतं तर मी मुकी झाले असते. मराठीत बोलून लिहिता यायला लागलं ते 2017 पासून, गूगलच्या कीबोर्डमध्ये आलं तेव्हापासून. केंद्राने 2022 मध्ये यंत्राला भारतीय भाषा यायला हव्यात म्हणून भाषिणी सुरू केलं, त्यात भाषादान आहे, लोकांनी आपला आवाज द्यायचा म्हणजे यंत्र शिकेल, मी पण बसून वाक्यं वाचून दिलीत, काही तक्रार नाही. म्हणजे यंत्र शिकतंय, हळूहळू का होईना. तुमच्या फॉर्मलाच शिकायचं नाही.

आणि हे मी भीक म्हणून मागत नाहीये. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. त्याचे नियम जून 2017 मध्ये आले आणि कलम 46 म्हणतं की सेवा देणाऱ्यांनी, सरकारी असो की खाजगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत आपल्या सेवा सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या. 2017 आणि दोन, किती झाले ते तुम्ही मोजा, माझी बोटं सुन्न आहेत. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याच्या! तिकडे जगण्याचा हक्क आणि इकडे स्वल्पविराम चालत नाही.

कुणीतरी म्हणेलच की बाई तुमचं अपंगत्व सर्टिफिकेटला लागतं तेवढं 40 टक्के भरतं का. नाही भरत. सर्टिफिकेटच्या मोजपट्टीवर मी धडधाकट आहे. पण 2021 च्या फेब्रुवारीत याच सुप्रीम कोर्टाने रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचं दुखणं, असलेल्या उमेदवाराला लेखनिक देताना सांगितलंय की त्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. परीक्षेला लेखनिक मिळतो. अर्जाला का नाही? सरकारशी बोलणं ही परीक्षा नाही असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा खिडकीवर येऊन जा.

बाकी मराठीबद्दल काय बोलायचं. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला, मलाही झाला, पोटापाण्याची भाषा आहे माझी. आठ कोटींच्या वर लोकांची मातृभाषा, 2011 च्या जनगणनेत. पण या अभिजात भाषेतला तुमचा एखादा आदेश कॉपी करून बघा, जुन्या फॉन्टमधला असेल तर सगळी इंग्रजी कचऱ्याची अक्षरं पडतात, ना शोधता येत ना फोनला वाचून दाखवता येत. म्हणजे मी बोललेलं सरकारला कळत नाही आणि सरकारने लिहिलेलं माझ्या फोनला कळत नाही. मग तीन डिसेंबरला कार्यक्रम, फुलांचा गुच्छ, मागे फ्लेक्स. माझ्या फोनने त्याचं "जागतिक दिव्यांग दीन" असं लिहिलं. ते मी दुरुस्त केलं नाही.

कोण बनवतं ही पोर्टलं? टेंडर निघतं, बिल निघतं, उद्घाटन होतं, आणि ज्याला हात नाहीत, ज्याला दिसत नाही, ज्याला नीट वाचता येत नाही अशा एकाला तरी शेजारी बसवून कुणी बघतं का की बाबा जमतंय का तुला? मला बोलवा. मी फुकट येईन. मी रकाना भरते आणि तुम्ही तो रिकामा कसा ते मला समजावा.

मागणं खरं तर एवढुसं आहे. रकान्यात अक्षरं कशी आली ते बघू नका, आली का ते बघा. सेशन संपायच्या आधी भरलेला मजकूर सेव्ह होऊ दे. देवनागरी अंक आणि स्वल्पविराम यांना गुन्हेगार समजणं थांबवा. आणि प्रत्येक कार्यालयात एक माणूस असा ठेवा जो समोरचा बोलेल ते लिहून घेईल आणि वाचून दाखवेल, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. ते निळं बटण चालत नसेल तर काढून टाका, उगीच दाबलं जातं.

माझा अर्ज परत उघडा हे वेगळं सांगायला नको. नवीन भरा म्हणू नका. चार वेळा भरलाय.

शेवटी नाव लिहायचं असतं, ते मुद्दाम लिहीत नाही. बोलले तर फोन दुसरी वेलांटी देणार, आणि ती तुमच्या रेकॉर्डला आहेच.

आपली,
अर्ज दार